जाळ्यांच्या मांगरातलं गाऱ्हाणं

आमचे शेजारी बाबलतात्या गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्कूटरसुद्धा चालू करत नाहीत. देवापुढे नारळ ठेवून एकाने साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तात्या ते कुकरपुढेही घालतात. वर 'म्हाराजा'पाशी थांबून, मान तिरकी करून वाट बघतात. कुकर बिचारा काय बोलणार!

मध्यंतरी धक्क्यावर एक नवल सुरू झालं. खाडीत वाहून आलेली फाटकी जाळी होडीवाल्यांनी गोळा करायची, मच्छीमार सोसायटीने त्यासाठी आपला मांगर, म्हणजे सामान ठेवायची शेड, द्यायचा, जाळ्यात अडकलेली कासवं वनखात्याने सोडवायची आणि एका कंपनीने ती जाळी नेऊन त्यांचं काहीबाही बनवायचं. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारी मंडळी एका छपराखाली! तात्यांचं तिथे काहीच काम नव्हतं, म्हणून ते रोज जायचे. संध्याकाळी खाडीचं पाणी तांबूस होऊन हलेनासं झालं, की हात जोडायचे: "बा देवा म्हाराजा, फॉरेस्टवाल्यांका आणि होडीवाल्यांका एका होडयेत बसयलंस, तसाच बसवन ठेव म्हाराजा." वनखात्याचा खाकीतला गार्डही तिथे जमलेल्या आमच्याबरोबर व्हय म्हणायचा. सगळं कसं अर्ध्या झोपेतल्यासारखं गोड चाललेलं.

मग निरोप आला. कंपनीच्या बाई येणार, गावाला काय फायदा झाला ते विचारणार, आणि मांगर चालू ठेवायचा की बंद, ते त्यावरच ठरणार. सोसायटीच्या चेअरमननी सगळ्यांना पढवलं, मासळी वाढली म्हणा, किनारा स्वच्छ झाला म्हणा. तात्यांना तर गप्प राहायची विनवणीच केली.

बाईंनी नेमकं तात्यांनाच विचारलं, तुम्हाला यातून काय मिळालं?

"घरकारीण गेली तेवापासून माझ्या गाऱ्हाण्याक व्हय म्हणणारा घरात कोण नाय," तात्या म्हणाले. "हंय इतकी जणा म्हणतत. मांगर बंद झालो, तर मी खंय जाव?"

कुकरपुढे ते कोणाची वाट बघत, ते मला तेव्हा कळलं, आणि गलबलून आलं. ऊन कललं होतं. तात्यांनी सवयीने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो मांगर असोच माणसांनी भरलेलो ऱ्हवांदे म्हाराजा."

चेअरमनसकट आम्ही सगळे बाईंकडेच बघत होतो, व्हय म्हणायचं राहूनच गेलं. तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, "होय महाराजा."

अगदी शुद्ध, ऑफिसातलं. तात्यांनी मान तिरकी करून ते ऐकलं आणि पुढचं साकडं घातलं, बाईंच्या पोराबाळांसाठी.