खासगी प्रश्न निश्चिती समिती

नकाशा विभागातल्या आरेखिकेने नवऱ्याचं घर सोडून भाड्याची खोली घेतली आणि नियमाप्रमाणे नवा पत्ता कार्यालयात कळवला. नियम पाळल्याचे परिणाम जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिसू लागले. जावक कारकून, ज्यांना सगळे काका म्हणत, खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसले.

"ताई, घर का सोडलंत?"

"काका, ते माझं मी बघते."

"बघा की. आम्ही आपलं काळजीपोटी विचारतो."

ही काळजी पाहता पाहता इमारतभर पसरली. शिपायाला वाटली, लेखा विभागाला वाटली, लिफ्टवाल्याला तर मजल्यागणिक वाटू लागली. एका दुपारी अशाच कुणाच्या तरी काळजीने तिचा हात हलला आणि नकाशावरची नदी थेट शाळेच्या वर्गांतून वाहू लागली. नदी खोडून तिने तक्रार लिहिली: मला खासगी प्रश्न विचारले जाऊ नयेत.

तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली. साहेब अध्यक्ष, आस्थापनेच्या बाई सदस्य आणि विषयाचे जाणकार म्हणून काका, अशी समिती बसली.

"काका कसे?" तिने विचारलं. "तक्रार त्यांच्याबद्दलच आहे."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "प्रकरणाची पूर्ण माहिती असलेला दुसरा माणूस नाही आपल्याकडे."

"पूर्ण कुठली साहेब," काका खिन्नपणे म्हणाले. "अर्धीच आहे."

पण काम पहिल्याच मुद्द्यावर अडलं. विचारलेला प्रश्न मुळात खासगी होता का? बाईंनी चष्मा पुसत खुलासा केला, "घराचं छत गळत होतं म्हणून सोडलं असेल, तर त्यात खासगी काही नाही. मनातलं काही असेल, तर आहे. म्हणजे उत्तर कळल्याशिवाय प्रश्न खासगी ठरवता येत नाही."

"मी उत्तर दिलं आणि तो खासगी ठरला तर?"

"तर तो तुम्हाला कुणी विचारायला नको होता, असं आम्ही लेखी देऊ."

तिला हसू आलं, पण समोरचे तिघेही गंभीर होते. उत्तर मिळणार नाही, असं तिने सांगितलं. त्यावर साहेबांना फार वाईट वाटलं. उत्तर नाही म्हणजे तक्रारीत तथ्य नाही. तथ्य नाही म्हणजे तक्रार खोटी. आणि खोट्या तक्रारीला तळघरातलं गोदाम. खिडकीपाशी उत्तरेचा उजेड येणारं तिचं टेबल, ज्यावर ती रोज जेवण विसरून रेघा ओढायची, ते जाणार होतं.

"कारण सांगा, टेबल ठेवा," साहेब समजुतीने म्हणाले. "आम्ही का परके आहोत?"

काका तर ताईवरून पोरीवर आले. "पोरी, माझ्या कानात सांग. समितीबाहेर अक्षर काढणार नाही मी."

काढायची गरजही नव्हती. दाराबाहेर अख्खं कार्यालय श्वास रोखून उभं होतं.

तिने उठून आपली पेनं गोळा केली, त्या उजेडाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि जिना उतरली.

गोदामपालाने तिच्यासाठी स्टूल झटकलं. "निवांत बसा ताई. इथं कुणी कुणाला काही विचारत नाही." मग तो जरा घुटमळला. "फक्त एवढंच, की असं टेबल सोडून आलात, म्हणजे कारण तसंच मोठं असणार ना?"

तिने पेनांची टोपणं घट्ट लावली.

समिती आता कायमस्वरूपी झाली आहे आणि कामाचा व्याप पाहता सदस्य वाढवायचे ठरले आहे. शिक्षणाची वा अनुभवाची अट नाही. तिने घर का सोडलं हे शेवटी तरी कळेल, या आशेवर जे इथवर वाचत आले, त्यांनी अर्ज करण्याचीही आवश्यकता नाही. त्यांची निवड झालेली आहे.