पापणीत बसलेलं घर

*(काचेवर चिकटवलेला कागद: दोन खोल्या, दक्षिणमुखी, भरपूर ऊन. आत या, बसून बोलू.)*

दारावरची घंटी वाजली आणि नवं लग्न झालेलं एक जोडपं आत आलं. मुलाने मान लववली, मुलीने मान लववली, आणि माना वर येताना दोघांची नजर एकदमच प्यो ग्येसुनच्या डोळ्यांवर पडली.

"आम्ही... छत्री विसरलो," मुलगा म्हणाला.

"बाहेर ऊन आहे," ग्येसुन म्हणाली.

"म्हणूनच," मुलगी म्हणाली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. छत्री आणायला नाही. समोरच्या यॉम साहेबांच्या दुकानात. यॉम साहेबही घरांचेच दलाल होते. ग्येसुनच्या हातात कॉफीच्या दोन फाडलेल्या पुड्या तशाच राहिल्या.

सोलच्या या टेकडीवर घर घेणारा माणूस भिंतीची ओल नंतर बघतो, नळाचा दाब नंतर बघतो. आधी बघतो दलालाच्या पापण्या. भुवई आणि डोळा यांच्यामधली जी पट्टी, ती माणसाची घर-जमीन, असं इथल्या सगळ्यांना आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. पट्टी भरलेली, तर वास्तू लाभते. पट्टी खचलेली, तर वरच्या मजल्याचं पाणी गळतं. आणि ग्येसुनच्या पापण्या एके काळी छुसोकच्या सणाला करतात त्या तांदळाच्या करंज्यांसारख्या होत्या, सारण जरा जास्तच भरलेल्या. लोक दुकानाचं नाव सांगत नसत. "त्या पापण्यांकडे जा," म्हणत.

*(काचेवर नसलेला, पण असायला हवा होता असा कागद: तातडीने रिकामी झालेली जागा. भुवईखाली, दोन्ही बाजूंना. खोली भरपूर. कारण: मालकिणीची हौस नव्हे.)*

हौस नव्हती हे खरंच. करंज्या वयाबरोबर खाली उतरत आल्या आणि डोळ्यांवर येऊन बसल्या. दारावरचे आकडे नीट दिसेनात. रिकामी खोली दाखवते म्हणून एका गिऱ्हाइकाला तिने थेट एका निवृत्त पोलिसाच्या न्हाणीघरात नेलं, तेव्हा नवरा दालसू म्हणाला, "आता शटर जरा वर कर बाई." म्हणून ती नदीपलीकडच्या एका झगमगीत दवाखान्यात गेली.

तिथला डॉक्टर भला माणूस होता. फार भला होता, तीच पंचाईत झाली. जादाची कातडी काढता काढता तो म्हणाला, "उघडलंच आहे तर आतली थोडी चरबीपण काढून टाकतो, आई. सर्व्हिस!"

सर्व्हिस म्हणजे फुकट. मासळी घेतली की मुळा सर्व्हिस, शर्ट घेतला की मोजे सर्व्हिस. या शहरात सर्व्हिस नाकारणारा माणूस अजून जन्मायचाय. ग्येसुन गुंगीतसुद्धा म्हणाली, "जरा सढळ हाताने काढा हं."

त्याने सढळ हाताने काढली. सूज उतरली तेव्हा डोळे लख्ख उघडे होते आणि त्यांच्यावर, जिथे करंज्या होत्या तिथे, अंगठ्याने दाबल्यासारखे दोन खड्डे.

"मावशी, घरी कुणी गेलं का हो?"

"जेवत नाहीस का गं नीट?"

"ताई, रडून घे एकदा. बरं वाटेल."

"ग्येसुन, माझ्याकडे असं बघू नकोस ना. काय केलंय मी?"

हे शेवटचं दालसूचं. ग्येसुन त्याच्याकडे बघत नव्हती, नुसती भात वाढून घेत होती.

पण खरा घाव घातला बांग आजीने. टेकडीच्या कोपऱ्यावरचं लाल विटांचं तीन मजली घर आजीचं. आजी ते विकणार विकणार असं सगळी गल्ली वर्षानुवर्षं ऐकत होती, आणि वर्षानुवर्षं ग्येसुन थंडीत आजीच्या दारात किमचीचा डबा पोचवत होती. हे घर जो विकेल त्याच्यामागे अख्खी टेकडी जाईल, हे ग्येसुनला कळत होतं आणि यॉम साहेबांनाही. ते गेलं तर ग्येसुनने शटर पाडायचं, इतकी साधी गोष्ट होती.

आजी काठी टेकत आली, ग्येसुनची हनुवटी वर केली आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"छप्पर खचलं गं पोरी."

"आजी, ते नुसतं—"

"आमच्या ह्यांनी घर घेतलं तेव्हाच्या दलालाच्या पापण्या अशा भरलेल्या होत्या, की बिचाऱ्याला भुवया उचलून बोलावं लागे. तसल्या पापणीने घेतलेलं घर, तसल्याच पापणीने विकणार. माघाचा बिनभुतांचा दिवस येतोय. तोवर दुरुस्ती होत असली तर बघ. नाहीतर किल्ली यॉमला."

बिनभुतांचा दिवस म्हणजे ज्या दिवशी भुतं सुट्टीवर असतात आणि माणसं निर्धास्त सामान हलवतात. भुतांना सुट्टी होती. ग्येसुनला नव्हती.

*(कागद: भराव टाकून मिळेल. माती कुठली, ते आधी ठरवा.)*

खड्डा भरायची सोय आहे, हे समोरच्या केशकर्तनालयाच्या मोक ताईने शोधून काढलं. अंगातलीच थोडी चरबी काढून पापणीत सोडतात. आणि ती कुठून घ्यायची, ते डॉक्टर विचारतात. हे कळल्यावर ग्येसुनच्या दुकानात हीटरभोवती बैठक भरली. भाजलेली रताळी आली, बार्लीचा चहा आला.

"पोटातून घे," दालसू म्हणाला. "पोट म्हणजे कोठार."

"हो, आणि पोट कधी फुगतं, कधी उतरतं," मोक ताई म्हणाली. "घराचे भाव तसे झाले म्हणजे?"

"बरं, मांडीतून."

"भावजी, मांडी काय करते?"

"काय करते?"

"चालते! मांडी पापणीत गेली की घर चालायला लागेल. आज इथे, उद्या तिथे."

दालसू रताळं तोंडात तसंच धरून विचारात पडला. मग तिघांनाही एकदमच सुचलं, पण म्हणायला कुणी धजेना. शेवटी ग्येसुननेच म्हटलं.

"बूड बसतं."

"बसतं!" मोक ताईने मांडीवर थाप मारली. "घर कसं पाहिजे? बसलेलं पाहिजे!"

ठरलं. फक्त बांग आजीला यातलं काही कळता कामा नये, हेही ठरलं. आजी जुन्या वळणाची. नवऱ्याच्या तसबिरीकडे पाठ करूनसुद्धा बसत नसे.

दुरुस्तीवाल्या डॉक्टर मेंगनी खड्डे बघितले, हसले नाहीत, म्हणून ग्येसुनला आवडले.

"मांडीच्या आतली चरबी चांगली टिकते, आई. मी तिथूनच घेतो."

"मांडी नको. बूड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "का बरं?"

"मांडी चालते. बूड बसतं. मला घर बसवायचंय."

डॉक्टर शिकलेले होते, पण याच शहरात. ते उठून दार लावून आले.

"नव्या इमारतींच्या सोडतीत मी दर वेळी अर्ज टाकतो. एकदाही फ्लॅट लागला नाही. माझ्या पापण्या जरा बघता का?"

ग्येसुनने त्यांची हनुवटी उजेडाकडे वळवली. "डावी ठीक आहे. उजवीत गळती आहे."

"तरीच," डॉक्टर म्हणाले, आणि उसासा टाकून हातमोजे चढवले. "बघतो तुमच्यासाठी काय मिळतंय ते."

*(कागद: भराव झाला. सध्या जरा जास्त आहे. काळजी नसावी.)*

थोडी चरबी अंगात जिरून जाते, म्हणून डॉक्टर आधीच जादा भरतात. त्यात सूज. ग्येसुनच्या करंज्या परत आल्या त्या पावांसारख्या होऊन. सूज उतरावी म्हणून भोपळ्याचा रस पिऊन पिऊन तिला भोपळ्याची शिसारी आली. दुकानात ती रबरी कड्याच्या उशीवर बसे, तीही कलती. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून तिला एवढंच दिसे, की लोक येतायत.

कारण लोक येत होते. "अगं बघ, नशीब भरून सांडतंय," बायका काचेला नाक लावून म्हणत. छत्रीवालं जोडपं परत आलं. छत्री घेऊन आलं.

माघातला तो दिवस उजाडला तोवर सूज मापात आली होती. बांग आजी किल्ली घेऊन निघाली, तिच्यामागे भुवया वर विंचरलेले यॉम साहेब आणि त्यांच्यामागे निम्मी गल्ली. आजीने ग्येसुनची हनुवटी वर केली. पापणीवर अंगठा टेकवला. पापणी दबली आणि परत वर आली.

"आहे," आजी म्हणाली. "भरलेली आहे." आणि किल्ली पुढे केली.

"आजी!" यॉम साहेबांना राहवेना. "ती पापणी नव्हे! बूड आहे तिचं! मोकच्या दुकानात केस कापता कापता ऐकलंय मी!"

मोक ताईने कात्री खिशात लपवली. ग्येसुनने मनातल्या मनात शटर पाडलं, कुलूप लावलं आणि दालसूच्या गावाकडची गाडीही पकडली.

"बूड?" आजीने विचारलं.

"हो आजी," ग्येसुन म्हणाली. "घर बसावं म्हणून."

आजीने अंगठा पापणीवरून काढला. मग परत ठेवला. या वेळी जरा अदबीने.

"या टेकडीवरची घरं पाडायला आले होते ना, माणसं, यंत्रं, कर्णे घेऊन," ती म्हणाली, "तेव्हा आमचे हे डोळे वटारत होते. डोळ्यांना कोण भितो? मी दारात जाऊन बसले. जेवले तिथे, झोपले तिथे. घर राहिलं ते माझ्या बुडामुळे. हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं, ते या पोरीला सुचलं." तिने यॉम साहेबांकडे असं बघितलं, की त्यांच्या भुवया आपोआप खाली बसल्या.

"म्हणजे किल्ली..." ग्येसुनने हात पुढे केला.

"किल्ली कशाला?" आजीने ती कनवटीला लावली. "तुझ्याकडे बघितलं आणि घर बसलं की माझं. इतकी वर्षं आत काहीतरी हलत होतं, विकू विकू म्हणत होतं. ते गप्प झालं. आता विकतेय कशाला? मीच बसते." आणि ती ग्येसुनच्या पाठीवर हात फिरवून, तरतरीत पावलं टाकत घरी गेली.

*(कागद: या आठवड्यात एकही नवा नाही.)*

त्यानंतर जे झालं त्याला गल्लीत कुणी संकट म्हणालं नसतं, कारण सगळे खूष होते. छत्रीवाल्या जोडप्याने ग्येसुनशी पाच मिनिटं बोलून सध्याच्या खोलीचाच करार वाढवला. सासूशी भांडून वेगळं व्हायला निघालेली सून ग्येसुनला भेटून परत सासूकडे गेली. जो येई तो तिच्या पापण्यांकडे बघे, खोल श्वास घेई आणि म्हणे, "आहे तेच बरं आहे, नाही का?" मग घरून गरम गरम तांदळाचा केक आणून देई. दुकानात केकची चळत लागली. घर मात्र कुणी बदलेना.

एका दुपारी दालसू केक खाता खाता थांबला. "ग्येसुन, आपलं पोट कशावर चालतं?"

"घरांवर."

"घरांवर नाही. घरं बदलण्यावर."

ग्येसुनने हातातला केक परत चळतीवर ठेवला.

"मांडी," ग्येसुन म्हणाली. "मांडीच घ्यायला हवी होती."

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टर मेंगकडे जाऊन उभी राहिली. "थोडी मांडी घाला. वरून. चालण्यापुरती."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "आई, एक सांगायचं राहून गेलं. तुमच्या बुडात काही सापडलंच नाही. टेकडी चढून चढून पार सपाट झालंय. म्हणून जरा खालून घेतलं, बूड संपतं तिथून. शरीरशास्त्राप्रमाणे ती..."

ग्येसुनचं सारं आयुष्य हद्दी दाखवण्यात गेलं होतं. तिला लगेच कळलं.

"म्हणजे कागदोपत्री मांडी."

"कागदोपत्री मांडी," डॉक्टरांनी मान खाली घातली. मग जरा वेळाने, "माझी उजवी..."

"अजून गळतेय," ग्येसुन म्हणाली, आणि सुई टोचून न घेता घरी आली.

ती मोक ताईकडे केस सेट करून घ्यायला बसली आणि हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. या वेळी मांडीची घातली."

संध्याकाळपर्यंत टेकडीला कळलं होतं. सकाळी शटर उघडताना दारात छत्रीवालं जोडपं उभं होतं. मुलीच्या आईच्या जवळ राहायला जायचं म्हणत होतं. त्यांच्यामागे ती सून, तिच्यामागे सासूही. समोर यॉम साहेबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आला होता. त्यांनी पोटातली घेतली म्हणे. त्यांच्याकडे आता लोक फक्त जेवायच्या वेळेला जातात.

सगळ्यात शेवटी काठीचा आवाज आला. बांग आजी आत आली, हनुवटी वर केली, अंगठा टेकवला.

"रात्रीपासून पाय नुसते शिवशिवतायत माझे," ती म्हणाली आणि किल्ली टेबलावर ठेवली. "विक."

ग्येसुनने किल्ली मुठीत घट्ट धरली. या वेळी आधी मुठीत, मग आभार.

"आणि मला नवं घर बघ," आजी म्हणाली. "किती घातलीस गं मांडी?"

"थोडीशीच, आजी."

"मग इथेच बघ, याच गल्लीत. लांबचं चालायचं नाही मला."