एकेक पारखून घेतलेलं सॉफ्टवेअर

शेवगावला टायपिंगचं दुकान टाकायचं ठरलं, तेव्हा ज्ञानेश्वरीने सासऱ्यांकडे एकच हट्ट धरला होता.

"मामा, कॉम्प्युटरचे प्रोग्राम घेताना अख्खा संचच घेऊ. लिहायचा, हिशेबाचा, पडद्यावर दाखवायचा, समदे एकाच कंपनीचे."

पण कानिफनाथमामांनी उभ्या आयुष्यात बैलांची जोडी कधी जोडीने घेतली नव्हती. जोडी विकणारा एका गुणी बैलाच्या आडून दुसरा अडेल बैल गळ्यात बांधतो, असं त्यांचं ठाम मत. एक बैल या बाजारातून, दुसरा त्या बाजारातून, आणि जोडी जमवायची ती घरच्या गोठ्यात. बैल पारखायला लोक त्यांना गाडी पाठवून बोलावत. असा माणूस बंद डब्यातला संच घेतोय होय!

"एकगठ्ठा देनाऱ्याच्या मनात खोट आस्ती," मामा म्हणाले. "आपन एकेक पारखून घिऊ."

मामा खरंच तीन दुकानं फिरले आणि तिन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन आले. प्रत्येक दुकानदाराला घाम फुटेपर्यंत चालवून दाखवायला लावलं. "दमत तर न्हाई ना?" हेसुद्धा विचारून झालं. ज्ञानेश्वरीने कपाळाला हात लावला. पण दुकानाची जागा मामांची, बोलणार काय!

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते दूध संस्थेचे चेअरमन सहादेवराव. त्यांना वार्षिक सभेत पडद्यावर दाखवायचा अहवाल हवा होता.

"झ्याक करा, ताई. पसंत पडला तर आजूबाजूच्या समद्या संस्था तुमच्याकडंच धाडतो. न्हाई पडला तर..." नव्या दुकानाचं नाव आता या एका कामावर होतं.

तिने मजकूर लिहिला, उत्तम झाला. हिशेबाचे तक्ते केले, तेही देखणे. पण दोन्ही पडद्याच्या प्रोग्राममध्ये नेले मात्र, त्याने ओळखच दाखवली नाही. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, आणि आकडे एकमेकांच्या उरावर बसलेले. तिने तिन्ही दुकानदारांना फोन लावले.

"आमचा बरुबर हाय, त्या दुसऱ्याचाच बिघडलाय," तिघंही म्हणाले.

शेवटी ती त्यातल्या एकाला हाताला धरून आणायला निघाली. तेवढ्यात इकडे दुकानासमोर सहादेवरावांची जीप थांबली.

"झालं का वो काम? सभेलाच निघालोय."

"झालं की! तीन-तीन प्रोग्राम लावलेत त्याला!" म्हणत मामांनी अभिमानाने कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला.

परत आलेल्या ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मामा, वाटोळं झालं! त्यातलं एक अक्षर वाचता येत न्हाई!"

मामांचं तोंड एवढंसं झालं. ते उठले, बाजारात गेले आणि संच घेऊन आले.

"चुकलं पोरी माझं. बैलं एका दावनीला बांदली, की चार दिसांत जमतं त्यांचं. ह्यांचं न्हाई जमलं."

म्हाताऱ्याचा तो चेहरा बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्याच दुपारी नव्या संचावर अख्खा अहवाल पुन्हा केला. आकडा न् आकडा लख्ख दिसत होता. आता हातापाया पडून तो सहादेवरावांना द्यायचा आणि माफी मागायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात सहादेवराव स्वतःच आले. ती हात जोडून उठली.

"चेअरमनसाहेब, माझं जरा ऐका..."

"आधी त्वांड गोड करा!" त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "ताई, चेअरमन झाल्यापास्नं अशी सभा बघितली न्हाई! आकडाच कुनाला वाचता येईना. वाचता येत न्हाई आसं कबूलबी करवंना! मग प्रश्न न्हाई, भांडान न्हाई. मंजूर, मंजूर म्हनत समदे जेवायला पळाले. आता शेजारच्या संस्थांचे चेअरमन मागं लागलेत, आमालाबी डिट्टो आसाच पायजे म्हनून!"

ज्ञानेश्वरी आ वासून बघतच राहिली. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले मामा हळूहळू ताठ झाले. त्यांनी पुड्यातला एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला, मिशीवरून हात फिरवला आणि सुनेला फर्मावलं,

"पोरी, त्यो संच परत दिऊन ये."