सोडल्याचं कारण

वानखेडे सर वांगी घेतात तेव्हा जी वांगी बाजूला काढतात, त्यांचीही वहीत नोंद करतात. ‘किडकं’, ‘जून’, ‘देठ सुकला’. वर्ध्याच्या बाजारात भाजीवाल्या बाई वैतागतात, "सर, वांगे घेऊन राह्यले का पेपर तपासून राह्यले?"

आम्ही दोघं एकाच कॉलेजात व्यवस्थापन शिकवतो. एखाद्या विषयावर आधी झालेलं संशोधन गोळा करून त्यातून काय निघतं ते सांगणारा आढावा लिहिला, की सरांचे तीन प्रश्न ठरलेले : "किती वाचले? किती सोडले? काऊन सोडले?" वर पुस्ती, "मनासारखे तेवढे उचलाचे, त बाकीचे गेले कुठी?"

कबूल करतो, एकदा ते बाकीचे मी गिळले होते. प्रशिक्षणानं कामगारांचं काम सुधारतं का, यावर आम्ही दोघं आढावा लिहीत होतो. माझी बढती त्यावर अवलंबून होती. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे लेख मी न वाचताच वगळले. कारण लिहिलं, ‘दर्जा कमी’.

सरांनी त्यातला एक उचलला. "वाचला?"

"चाळला."

"तिसऱ्या पानावर काय हाय?"

मी पान उलटायला हात पुढे केला.

सरांनी सही नाकारली. त्यांच्या सहीशिवाय आढावा छापायला जाणार नव्हता. प्राचार्यांनी बोलावून समजावलं, "सर, एवढं काय? सगळेच असं करतात."

"मंग सगळ्याइची सही घ्या. माही भेटणार नाई."

प्राचार्यांनी त्यांचे आवडते वर्ग काढून घेतले. सरांनी वेळापत्रक खिशात घातलं आणि त्यांनाच सांगितलं, "वर्ग सोडाले लावले, त कारण लिहून द्या."

माझी बढती गेली. वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. सर वेडे आहेत, हे स्टाफरूममध्ये मीच पसरवलं.

परवा त्यांची वही टेबलावर राहिली होती. उघडायला नको होती, उघडली. शेवटच्या पानांवर माणसं होती. ज्यांच्याकडे जाणं-येणं सोडलं, ती. मेहुणा : ‘खोटी साक्ष दिली’. जुना मित्र : ‘बायकोवर हात उचलतो’. शेवटी माझं नाव.

माझ्यापुढे कारण नव्हतं. पेन्सिलीनं लिहून इतक्या वेळा खोडलं होतं, की तिथला कागद विरून पलीकडचं दिसत होतं.

वही होती तशी ठेवली. घरी येऊन वगळलेल्यांतला पहिला लेख काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो.