कचरा परत करणारे डोरिंगकाका

आम्ही टाकलेला कचरा डोरिंगकाका आम्हाला परत आणून देत. तोही स्वच्छ धुऊन.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या जुन्या गावात आम्ही राहायला आलो ते २००३च्या ऑक्टोबरात. चौथ्याच दिवशी बेल वाजली. दारात सत्तरीचे उंच, सडपातळ गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट आणि दोन्ही हातांत तान्हं मूल धरावं तसा दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा. त्यांनी नाव सांगितलं, तळमजल्यावर राहतो म्हणाले आणि डबा माझ्या हातात ठेवला.

"आल्झो, हेर कांबळे, हा चुकीच्या पत्त्यावर गेला होता." 'आल्झो' म्हणजे 'तर मग' आणि 'हेर' म्हणजे श्रीयुत, एवढं जर्मन मला येत होतं.

चुकीचा पत्ता म्हणजे खाली अंगणातलं तपकिरी पिंप. त्यात फक्त सालं, देठं, चहाचा चोथा. कागद निळ्या पिंपात, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते काळ्यात. हे सगळं मला नोकरीच्या कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं. पण डबा आमचाच हे कशावरून, असं मी जरा घुश्शातच विचारलं. काकांनी डब्याच्या तळाचा पिवळा डाग दाखवला. हळद. अख्ख्या इमारतीत हळद खाणारं घर एकच. माझी बायको सुजाता दह्याच्या डब्यात उरलेली आमटी ठेवते. आमच्याकडे दोन-तीन जन्म भोगल्याशिवाय कुठल्याच डब्याला मोक्ष नाही.

काकांनी चाळीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडली होती. निवृत्त झाल्यावर निवडायला पत्रं उरली नाहीत, म्हणून पिंपं. रोज सकाळी रबरी हातमोजे घालून ते झाकणं उघडत आणि संध्याकाळी घरोघर फिरून जो तो माल ज्याच्या त्याच्या दारात पोचवत. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी. बॅटरी, पारदर्शक खिडकीचं टपालाचं पाकीट, एकदा माझा एकच मोजा. त्याचा जोडीदार जिवंत आहे का, अशी त्यांनी चौकशी केली. मी हो म्हटल्यावर "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान हलवली आणि गेले. आत कधी यायचे नाहीत. मी वैतागायचो. सुजाता म्हणायची, "अहो, म्हाताऱ्या माणसाशी जरा नीट बोलत जा."

दुसऱ्या हिवाळ्यात सुजाता वडिलांच्या आजारपणासाठी तीन महिने नागपूरला गेली. मी फ्रोझन पिझ्झावर आलो. एका संध्याकाळी काका पिझ्झ्याचा खोका घेऊन हजर. चीज लागलेला खोका निळ्यात चालत नाही, काळ्यात टाकायचा, हे त्यांनी सांगितलं, पण जाईनात. मग म्हणाले की तीन आठवडे तपकिरी पिंपात चहाचा चोथा नाही, आल्याची सालं नाहीत. बायको आजारी आहे का? मी काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बटाट्याच्या सूपचं पातेलं घेऊन आले. त्यानंतर सुजाता येईपर्यंत दर बुधवारी सूप.

आणि अशा माणसाविरुद्ध मी सही केली.

झालं असं की दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई, एका संध्याकाळी कागद घेऊन आल्या. कुकरची तिसरी शिट्टी होत होती. जर्मन कागद पूर्ण वाचायचा प्रयत्न मी पहिल्या वर्षीच सोडला होता. तळघराच्या नव्या कुलपाचं काहीतरी असेल असं धरून मी सही ठोकली. आठवड्याने त्याची प्रत जिन्याजवळच्या फळ्यावर लागली. सुजाता क्लास लावून जर्मन शिकली होती. तिने तिथेच उभ्याने वाचलं: हेर डोरिंग आमच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करतात, त्यांना पिंपांना हात लावायला मनाई करावी. खाली पाच सह्या. सगळ्यात वर माझी, चांगली लफ्फेदार.

घरमालकांच्या ऑफिसने काकांना तसं पत्र पाठवलं. पत्र आलं म्हणजे पाळायचं, हा त्यांचा धर्म. बेल वाजायची बंद झाली. महिनाभर आम्ही काहीही कुठेही टाकलं तरी कुणी आलं नाही. सुजाता माझ्याशी जेवणापुरतं बोलत होती. शेवटी एका शनिवारी मी धीर करून तळमजल्यावर गेलो. न वाचता सही केली, तळघराच्या कुलपाचा कागद वाटला, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला खरोखरच लाज वाटत होती.

काका रागावले नाहीत. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, एवढंच म्हणाले. मग टेबलावरचा नसलेला चुरा गोळा करत राहिले.

"माझी बायको, ब्रिगिट, गेली त्यानंतर वर्षभर मी कुणाची बेल वाजवली नाही," ते म्हणाले. "इथे उगाच कुणी बेल वाजवत नाही, हेर कांबळे. हातात काहीतरी लागतं. मग एकदा पिंपात कुणाचा तरी डबा दिसला."

मी सांगितलं की आमच्याकडे लोक हात हलवत येतात, आणि चहा पाजल्याशिवाय आम्ही त्यांना सोडत नाही. उद्या चार वाजता या. काही आणू नका.

रविवारी चारला बेल वाजली. काकांनी टाय लावला होता. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, पाठीमागे नेले. मी दार धरून उभा, तेही उभे. येण्याचं कारण सांगायला काही नव्हतं, म्हणून ते तसंच म्हणाले, "मी उगाच आलोय."

सुजाता आतून सरळ मराठीत म्हणाली, "या काका, बसा."

त्यांना शब्द कळले नसावेत. ते पायपुसण्यावर बूट चांगले चारदा घासून आत आले आणि सोफ्याच्या कडेवर बसले. चहा सुजाता टाकणार होती, पण मीच आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेलो.