आधी मनगट, मग रामराम

पांडबा रस्त्यात भेटला तर आधी रामराम करत नाही. आधी तुमचं मनगट धरतो. उलटं करतो, सुलटं करतो, अंगठ्याच्या बुडाशी दाबतो आणि तुमच्या तोंडाकडं बघत राहतो. तोंड वाकडं झालं नाही तर मग रामराम. झालं, तर तिथंच कट्ट्यावर बसायचं आणि तो विचारील ते सांगायचं.

एका लग्नात त्यानं नवरीच्या बापाचं मनगट धरलं. त्या माणसाला वाटलं, मानपानात काही राहिलं म्हणून हा धरून न्यायला आलाय. तो घाबरून म्हणाला, आहेर मागनं पोचवतो. पांडबा म्हणाला, "आहेराचं ऱ्हाऊ द्या पावणं, मोटारसायकलची मूठ जरा कमी आवळत जावा."

हा डॉक्टर नाही, कंपाउंडर पण नाही. हाडाच्या एका दवाखान्यात तीसेक वर्षं प्लास्टर घालायच्या कामाला होता. बँडेज भिजवायचं, गुंडाळायचं आणि वाळेपर्यंत पेशंटचा हात धरून बसायचं. त्यामुळं त्याला माणसाची ओळख मनगटावरनं. नाव विसरतो. "त्यो न्हवं का, डाव्या मनगटाचा," असं म्हणतो, आणि कोण ते आपण ओळखायचं.

पण भोंदू नाही. पडून हात सुजला असला, बोटांना मुंग्या येत असल्या, तर हात लावत नाही, सरळ दवाखान्यात धाडतो. तेल लावून रगडणाऱ्यांवर त्याचा फार राग. ठेचाळलेला पाय कोण तुडवत बसतंय काय, म्हणतो. बाकी सगळ्यांना त्याचं एकच वाक्य, "मनगट बोलतंय, तुमी ऐकत न्हाईसा."

त्याच्या घरी गेलं तर हसू येतं. एकटाच राहतो. बादलीची कडी, लाटणं, कुलपाची किल्ली, सगळ्याला चिंध्या गुंडाळून जाड केलेलं. बारीक वस्तू आवळून धरावी लागते, जाड वस्तू आपोआप धरली जाते, हे त्याचं शास्त्र. धुणं पिळत नाही. टॉवेल नळाला अडकवून दोन्ही टोकं धरतो आणि सगळ्या अंगानं मागं ओढतो. तांब्या दोन्ही तळव्यांवर घेतो, देवाचं तीर्थ घेतल्यागत. आणि इतकं करून त्याचं स्वतःचं मनगट कधी दुखलेलं नाही. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलेलं. प्लास्टर ओलं असायचं, हात सोडता यायचा न्हाई, म्हणाला.

शेजारच्या आक्काताईंची सून बाळंत झाली. पोराला उचलताना ती दोन्ही अंगठे ताणून त्याच्या काखेत धरायची आणि कळ आली की डोळे मिटायची. पांडबानं ते कुंपणावरनं बघितलं. गेला की थेट अंगणात. पोराच्या बुडाखाली तळवा घालून कसं उचलायचं ते दाखवायला लागला. आक्काताई भडकल्या. सून माझी, नातू माझा, आमी काय पोरं उचलली न्हाईत काय, तू कोण रं सांगणारा? पांडबा निघून आला. चौथ्या दिवशी आक्काताईच त्याच्या दारात, पदराखाली हात घेऊन. म्हणाल्या, माझंबी तिथंच दुखतंय. सुनंला सांगू नगंस.

आता माझं सांगतो.

माझी मंडळी जाऊन तेव्हा सहा महिने झालेले. मागं गोठ्यात तिची म्हैस होती, चंद्री. म्हैस तिचीच म्हणायची, कारण मला जवळ येऊ देत नव्हती. रेडकू सोडलं तरी पान्हा चोरायची. पोरगा पुण्यात. त्याचा फोन यायचा, आण्णा, विकून टाका की. मी फोन ठेवून द्यायचो. घरात तिच्या हातचं दुसरं काही जितं राहिलं नव्हतं.

मग मी तिचं लुगडं डोक्यावरनं घेऊन बसायला लागलो आणि धारही तिच्यासारखीच काढायला लागलो, अंगठा आत मुडपून, सड त्याच्या पेरावर दाबून. चंद्रीनं पान्हा सोडला. पण माझं मनगट गेलं. तांब्या उचलेना, दाराची कडी निघेना, धोतराची गाठ बसेना. मी पांडबाला चुकवून लांबच्या गल्लीनं जायला लागलो. त्यानं बोळाच्या तोंडाशी धरलंच.

अंगठा मुठीत घाला म्हणाला, आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवली. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"हितं अंगठ्याच्या दोन दोऱ्या एका नळीतनं जात्यात," तो म्हणाला. "सारख्या वापरून फुगल्या. पायजम्याची नाडी नेफ्यात अडकती तसं झालंय बघा." मग म्हणाला, धार कशी काढतासा ते दाखवा. त्याचं बोट धरून मी दाखवलं.

तो बोटाकडं बघत राहिला. "ही वैनींची पद्धत," म्हणाला. "त्यांचंबी दुखत हुतं."

मी म्हणालो, ती कधी बोलली न्हाई.

"मला बोलल्या. अंगठा भाईर ठेवा, पुऱ्या मुठीनं पिळा, म्हणून मी सांगितलंतं. म्हशीला सवय झालीया, म्हणाल्या."

तिच्या उजव्या मनगटाला कायम चिंधी बांधलेली असायची. बांगडी टोचती म्हणायची. चाळीस वर्षं मी ती चिंधी बघितली.

पांडबानं हुकूम सोडला. मेडिकलमधनं अंगठ्यासकट बांधायचा पट्टा आणायचा, गार पाण्याचं फडकं ठेवायचं, तीन आठवडे धार बंद. एवढ्यानं उतरलं नाही तर दवाखाना. मी म्हणालो, आणि म्हैस? तीन आठवड्यांत आटंल, मग विकायचीच. तो म्हणाला, मी काढतो, वैनींचं लुगडं तेवढं द्या.

मी नाही म्हणालो. त्याला तिचा वास होता. दुसऱ्याच्या अंगावर गेलं की गेला असता. तसं तोंडावरच सांगितलं. पांडबा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पिशवी घेऊन गोठ्यात हजर. पिशवीतनं हिरवं लुगडं काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. काठाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली, कागद पिवळा पडलेला. घडी कुणी मोडलेलीच नव्हती. तीस-पस्तीस वर्षांची तरी असंल.

मी तोंडाचा फटकळ माणूस. विचारलंच, कुणाचं रं हे?

"जिच्यासाठी घेतलं तिनं घेतलं न्हाई," म्हणाला, आणि ते डोक्यावरनं घेऊन म्हशीखाली बसला.

पहिल्या दिवशी चंद्रीनं बादली उडवली. दुसऱ्या दिवशी बादली आणि पांडबा दोन्ही. मी तिच्या डोक्याशी उभा राहून डाव्या हातानं गळा खाजवायचो आणि मंडळी जे बोलायची ते बोलायचो. पांडबा खालनं पुरी मूठ लावायचा, अंगठा भाईर. घडीच्या जागी लुगडं विरत चाललं. पाचव्या दिवशी चंद्रीनं शेपूट हाणलं आणि लुगडं उभं फाटलं. पांडबा तसाच बसून राहिला, कारण तेवढ्यात बादलीत धार वाजली. लांब, जाड धार. त्यानं सगळी धार काढली. मग मी चहा ठेवला.

तेव्हापासनं रोजचं तसंच. तो धार काढायचा, मी चहा करायचो. फाटकं लुगडं त्यानं स्वतः दोरा घालून शिवलं.

तीन आठवडे संपले. पट्टा काढला. तांब्या उचलला, कडी काढली, धोतराची गाठ मारून बघितली. कळ नाही. त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर पांडबानं लुगडं घडी करून पिशवीत घातलं आणि माझा हात पुढं ओढला. अंगठा मुठीत घालायला लावला, मूठ खाली वाकवली, तोंडाकडं बघितलं.

"दुखतंय?"

मी म्हणालो, दुखतंय.

त्यानं पुन्हा एकदा दाबून बघितलं. तीस वर्षं मनगटं धरलेला माणूस तो.

"व्हय," म्हणाला. "अजून लागंल थोडं." आणि पिशवीतनं लुगडं काढून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.