ब्लाइंड हॉर्स तळ्यावर मासे नाहीत

लव्हॉनने सोडलेल्या नवऱ्याशीच दुसऱ्यांदा लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या लग्नात आहेर दिला होता तो पुन्हा द्यायचा की नाही, यावर आमच्या गावात मे महिनाभर खल चालला होता, म्हणून ते वर्ष सगळ्यांना आठवतं. लव्हॉनच्या थोरल्या बहिणीचा नवरा, व्हर्लिन ट्वाइट, त्याला मात्र ते वेगळ्या कारणानं आठवतं. त्या वर्षी त्याच्या सासऱ्यानं, म्हणजे ऑर्विल सॅथर यांनी, जूनच्या मासेमारीसाठी तळं निवडायचं काम त्याच्यावर सोपवलं.

ही गोष्ट लहान नव्हती. मिनेसोटात तळी इतकी, की दगड भिरकावला तर कोरड्या जमिनीवर पडायची खात्री नाही. पण सॅथर मंडळींनी दर जूनला कुठल्या तळ्याकाठी मुक्काम करायचा, हे ऑर्विलच ठरवत आले होते. यंदा त्यांच्या खुब्याचं हाड बदललं होतं. काठी टेकत ते म्हणाले, "जागा तू बघ. मला काय, कुठंही चालेल."

'कुठंही चालेल' म्हणणारा माणूस किती धोक्याचा असतो, हे जावयाला सांगायला नको. व्हर्लिन तीस वर्षं या घरचा जावई होता आणि एवढ्या काळात सासऱ्यानं त्याच्या कुठल्याही कामाला 'वाईट नाही' म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे 'वाईट नाही' ही सर्वांत मोठी शाबासकी. त्याच्यावर काही नाही. व्हर्लिननं सासऱ्यांचं छप्पर शाकारलं, तळघरातलं पाणी उपसलं, त्यांच्या धाकट्या मुलीला, लव्हॉनला, त्याच नवऱ्याकडे परत पोचवून आला, पण म्हातारा बघायचा आणि म्हणायचा, "हं. झालं का?"

"या वेळी म्हणायला लावतो की नाही बघ," व्हर्लिन बायकोला म्हणाला. "असं तळं काढतो की वॉलआय मासे बोटीत उड्या मारून येतील."

"बाबांना संडास जवळ लागतो, तेवढं बघ," आर्डिस म्हणाली. "मासे नंतर."

आता, तळं शोधायचं म्हणजे विचारणार कुणाला? आमच्याकडे माणूस पगार सांगेल, आजार सांगेल, बायकोशी भांडण कशावरून झालं तेही सांगेल; पण मासे कुठं लागले हे खरं सांगणार नाही. ज्या तळ्यावर मासे पोत्यानं मिळतात त्याला तो 'छे, काही नाही तिथं' म्हणणार, आणि जिथं बेडूकसुद्धा राहत नाही तिथं तुम्हाला आग्रहानं पाठवणार. त्यामुळे ऐकलेलं उलटं करून समजून घ्यायचं, हे इथलं पोर दात येण्याआधी शिकतं. व्हर्लिनला तर त्याचा गर्वच होता.

रविवारी आमच्या लुथरन चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. पास्टर लिंडाल व्हर्लिनच्या शेजारी येऊन उभे राहिले. पास्टर नेब्रास्काकडचे. सज्जन माणूस, पण तिकडे तळी कमी.

"मासेमारीला निघालात म्हणे," पास्टर म्हणाले. "एक सांगू? ब्लाइंड हॉर्स तळ्यावर जाऊ नका. मासे नाहीत."

व्हर्लिनचा कप ओठाशीच थांबला. "नाहीत?"

"एकही नाही. उथळ तळं, यंदा बर्फ जाड, हवाच मिळाली नाही खाली. मी एप्रिलमध्ये गेलो होतो, काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. फार वाईट वाटलं."

इतकं तपशीलवार खोटं व्हर्लिननं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यानं पास्टरांकडे बघून एक डोळा मिचकावला. पास्टरांना वाटलं, डोळ्यात काही गेलं. त्यांनी रुमाल पुढे केला.

घरी येताना आर्डिस म्हणाली, "अरे, पण पास्टर खोटं कशाला बोलतील?"

"देवाबद्दल नाही बोलणार. माशांबद्दल कुणीही बोलतो."

त्याच दुपारी त्यानं ब्लाइंड हॉर्सच्या कॅम्पग्राउंडवर फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "कुठली जागा देऊ? सगळ्याच मोकळ्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. यंदा कुणी फिरकलंच नाही. तुम्ही नक्की येताय ना?"

दुसरा कुणी असता तर इथं थबकला असता. व्हर्लिन खूश झाला. लोकांना पत्ताच नाही तर! त्यानं पाण्याला लागून असलेली, संडासाच्या वाटेवरची जागा पक्की केली आणि कुणाला कळू नये म्हणून घरातही तळ्याचं नाव घेणं बंद केलं.

पण डोळा मिचकावताना त्याला हार्लन क्वामनं पाहिलं होतं. हार्लनचा आणि व्हर्लिनचा माशांवरून जुना दावा. त्यानं सरळ पास्टरांना गाठलं. "व्हर्लिनला काय सांगत होता हो?"

"ब्लाइंड हॉर्सवर जाऊ नका म्हणालो. मासे नाहीत तिथं."

"अच्छा," हार्लन म्हणाला आणि घरी जाऊन बोट धुवायला घेतली. ते त्याच्या भावानं पाहिलं. भावानं पास्टरांना विचारलं. मग शेजाऱ्यानं विचारलं. पास्टर बिचारे प्रत्येकाला तेच सांगत, प्रत्येक जण मान डोलवून आभार मानी आणि जाऊन जळवा विकत घेई. गळाला लावायच्या जळवा गावातल्या दुकानातून संपल्या. शेवटी एवढे लोक एकच गोष्ट विचारतायत म्हटल्यावर पास्टरांनी ती पुढच्या रविवारी प्रवचनानंतरच्या सूचनांमध्येच सांगून टाकली. "बायकांची बैठक बुधवारी. आणि ब्लाइंड हॉर्स तळ्यावर मासे नाहीत, तरी कुणी जाऊ नये."

बाकांवरून एक दबका हुंकार फिरला.

व्हर्लिन लालबुंद झाला. "बोंब मारली की यानं सगळीकडे," तो बायकोच्या कानात पुटपुटला.

ऑर्विलनी नुसतं एकदा जावयाकडे पाहिलं आणि टोपी घातली.

शुक्रवारी ते पोचले तेव्हा कॅम्पग्राउंडवर जत्रा भरली होती. अर्धी मंडळी आमच्या चर्चची, उरलेली त्यांचे मेव्हणे. कॅम्पर गाड्या दाराला दार लावून उभ्या, पाण्यावर बोटी एकमेकींना घासतायत. पुरुषांसाठी लाकडी संडास एकच. त्याच्यापुढची रांग व्हर्लिनच्या जागेपर्यंत आलेली. तो खुर्च्या मांडत होता आणि रांगेतले लोक त्याच्या टेबलावरचा केक संपवत पुढे सरकत होते.

"वा, जागा मोक्याची मिळवलीस," हार्लन रांगेतून म्हणाला.

"तुझं कसं काय येणं झालं?"

"सहज. हवा खायला."

"गळ घेऊन?"

"हवा तू नाकानं खा, मी गळानं खातो."

संध्याकाळी व्हर्लिननं सासऱ्यांना हाताला धरून बोटीत बसवलं. गळ टाकला. पाणी गुळगुळीत, काही हलत नाही. ऑर्विलनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पाण्यावर एक लून पक्षी नव्हता, एक बगळा नव्हता. मासे खाणारा एकही जीव त्या तळ्यावर दिसत नव्हता, फक्त लुथरन होते.

व्हर्लिनलाही ते दिसलं. तो वाट बघत राहिला. म्हाताऱ्यानं काहीतरी म्हणावं, शिवी तरी द्यावी. ऑर्विलनी गळ वर घेतला, जळू बघितली आणि गळ पुन्हा टाकला. शिव्यांपेक्षा ते भारी होतं.

शेजारून हार्लनची बोट गेली. "काय, लागतायत का?"

"वाईट नाही," व्हर्लिन म्हणाला. "तुला?"

"वाईट नाही."

हीच तर आफत होती. प्रत्येक जण रिकाम्या हातानं परतत होता आणि 'वाईट नाही' म्हणत होता. त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की, आपल्यालाच लागत नाही, दुसऱ्यांची चंगळ चाललीय. मग कोण उठून जाणार? शनिवारी तर गावाकडून आणखी लोक आले. रात्री सगळ्या गाड्यांमधून डब्यातल्या सॉसेजचा वास येत होता. तळलेल्या माशाचा कुठूनच नाही. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आर्डिस तेवढी म्हणाली, "उद्या मी अंडी उकडते."

रविवारी सकाळी पास्टर लिंडाल स्वतः आले. गावात प्रार्थनेला ऑर्गन वाजवणारी बाई सोडून कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी कळपाच्या मागे यायचं ठरवलं. पाइनच्या झाडांखाली प्रार्थना झाली. मग पास्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि काकुळतीनं विचारलं, "पण मी सांगितलं होतं ना? मी स्वतः मेलेले मासे पाहिलेत. कुणाला एक तरी लागला का?"

कुणी खोकलं. कुणी बूट पाहिले. पास्टरांच्या तोंडाकडे बघता बघता एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, की हा माणूस खरं बोलत होता. पहिल्यापासून. प्रत्येकाशी.

"सगळ्यात आधी जागा कुणी घेतली?" हार्लन हळूच म्हणाला. सगळी तोंडं व्हर्लिनकडे वळली. व्हर्लिनला वाटलं, तळ्याला आणखी एक मेलेला जीव चालला असता. लोकांचं काही नव्हतं. पण खुर्चीत काठीवर हात ठेवून सासरे बसले होते, आणि जावयानं निवडलेल्या जागेचा पंचनामा अख्ख्या गावासमोर चालला होता.

तेवढ्यात ऑर्विल बोलले. "मला लागला होता एक. परवा संध्याकाळी." त्यांनी दोन्ही हात फाकवून माप दाखवलं, ते माप बरंच लांब होतं. "पलीकडच्या लव्हाळ्यापाशी. सोडून दिला."

ऑर्विल सॅथर माशाचं माप सांगताहेत, हे गावानं कधी ऐकलेलं नव्हतं. मग हार्लन म्हणाला, "जरा बोटीचा दोर बघून येतो," आणि एका दमात सगळे निघाले. पास्टरांनासुद्धा कुणीतरी ओढून बोटीत घातलं. बघता बघता सगळ्या बोटी पलीकडच्या लव्हाळ्याशी जाऊन एकमेकींवर आपटायला लागल्या.

काठावर शांत झालं. व्हर्लिन सासऱ्यांशेजारी जाऊन बसला.

"तुम्हाला काही लागलं नव्हतं. मी होतो की बोटीत."

"हं."

"मग माझ्यासाठी कशाला खोटं..."

"तुझ्यासाठी?" ऑर्विलनी काठी टेकली. "पहाटे रांगेत उभा होतो मी, प्रार्थनेपर्यंत नंबरच आला नाही. आता मोकळा झाला बघ संडास. हात दे, उठव मला."

परतताना गाडीत आर्डिसनं वडिलांना विचारलं, "कशी झाली सहल, बाबा?"

"गर्दी होती," ते म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये व्हर्लिन त्यांची बोट हिवाळ्यासाठी ताडपत्रीखाली बांधायला गेला. गाठी मारून झाल्यावर ऑर्विलनी एकेक गाठ ओढून पाहिली. मग घराकडे वळता वळता, पाठमोरेच म्हणाले, "पुढच्या वर्षी जागा तूच बघ."

व्हर्लिन तिथंच दोरीचं टोक धरून उभा राहिला. कोण काय बोललं ते उलटं करून समजून घ्यायची सवय. हे सुलट घ्यायचं की उलट, त्याला ठरवता येईना.

ऑर्विल सॅथर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, घरी, दुपारच्या झोपेत वारले. जमीन गोठलेली होती, म्हणून त्यांचं दफन एप्रिलमध्ये झालं. जागा व्हर्लिननं बघितली.